तारीख कोणी लिहून ठेवली?

मराठी शाळेतला सकाळचा परिपाठ दिनविशेषावाचून पुरा होत नाही. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाले की एखादी विद्यार्थिनी पुढे येते आणि आजच्या तारखेला कोण जन्मले, कोण गेले, कुठे काय घडले ते खणखणीत आवाजात वाचून दाखवते. हाच मजकूर वर्तमानपत्राच्या चौकटीत असतो, आकाशवाणीवर असतो, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही असतो. वानगीदाखल ७ नोव्हेंबर घेऊ. १८६२ साली या तारखेला शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर रंगूनच्या कैदेत मरण पावला. १८६७ साली वॉर्सात मारी क्युरी जन्मल्या, १८७८ साली व्हिएन्नात लिझ माइटनर आणि १८८८ साली तिरुचिरापल्लीत चंद्रशेखर वेंकट रामन. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. १९०५ साली केशवसुत हुबळीत प्लेगने गेले. १९१७ साली पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविकांनी सत्ता हाती घेतली, आणि त्या उठावाचा एक सूत्रधार लिओन ट्रॉट्स्की याचा वाढदिवसही हाच. ‘वंदे मातरम्’ची रचना याच तारखेला, १८७५ साली झाली असे मानतात.

अशी यादी वाचली की काहींना तीत एखादा योग दिसतो: भौतिकशास्त्रातली तीन थोर माणसे एकाच तारखेला जन्मतात, म्हणजे त्या दिवसात काहीतरी असले पाहिजे. दुसऱ्यांना ती निव्वळ फुटकळ माहिती वाटते, परीक्षेत एक गुण मिळवून देणारी आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरून पुसली जाणारी. दोन्ही बाजूंची माणसे एक प्रश्न मात्र विचारत नाहीत: ही तारीख आपल्यापर्यंत पोचली कशी? माझे म्हणणे असे की दिनविशेषातल्या दोन नोंदींचे एकमेकींशी नाते शोधण्यात फारसे हाती लागत नाही. प्रत्येक नोंदीचे तिच्या स्वतःच्या तारखेशी नाते काय, ते शोधावे. तिथे इतिहास आहे. कोणी लिहिले, कुठल्या वहीत लिहिले, कुठल्या कॅलेंडरप्रमाणे लिहिले, आणि कोणाचे लिहिलेच नाही, हे त्या एका ओळीतून उलगडत जाते.

आधी योगाचा विचार करू, कारण त्याचा निकाल साध्या गुणाकार-भागाकाराने लागतो. वर्गात तेवीस मुले असतील तर त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. पन्नास मुलांच्या वर्गात ती सत्त्याण्णव टक्क्यांवर जाते. हे ऐकून नवल वाटते, कारण आपण नकळत आपल्या स्वतःच्या तारखेशी जुळणारा दुसरा कोणी शोधत असतो. प्रत्यक्षात प्रत्येकाची तारीख प्रत्येकाशी ताडून पाहायची असते, आणि तेवीस मुलांच्या अशा २५३ जोड्या होतात. आता नामवंत भौतिकशास्त्रज्ञांचा हिशेब करू. या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळालेली माणसेच दोनशेहून अधिक आहेत. दोनशे धरली तरी त्यांच्या १९,९०० जोड्या होतात. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले तर सुमारे ५४ जोड्यांचा वाढदिवस आपोआप एक येतो. तीन-तीनचे गट तेरा लाखांवर जातात, आणि त्यांतल्या सुमारे दहा गटांना एकच तारीख मिळायला हवी, तीही कुठल्याही ग्रहाच्या मदतीवाचून. तेव्हा क्युरी, माइटनर आणि रामन एका तारखेला आले यात आश्चर्य काहीच नाही. वर्षभरात असे एकही त्रिकूट सापडले नसते, तर मात्र काहीतरी चुकते आहे असे म्हणावे लागले असते.

योगाच्या कल्पनेला याहून मोठा धक्का कॅलेंडरच देते. ट्रॉट्स्कीने आत्मचरित्रात नोंदवले आहे की आपला जन्मदिवस आणि क्रांतीचा दिवस एकच असल्याचे क्रांतीनंतर तीन वर्षांनी त्याच्या लक्षात आले. पण हा मेळ नीट तपासून पाहावा. रशियात तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर चालत होते. त्याप्रमाणे ट्रॉट्स्कीचा जन्म २६ ऑक्टोबर १८७९ चा आणि उठावाचा ठरलेला दिवस २५ ऑक्टोबर १९१७. जुन्या मोजणीत या तारखा एकमेकींच्या शेजारच्या आहेत, एक नव्हेत. मग दोन्ही ७ नोव्हेंबरला कशा आल्या? एकोणिसाव्या शतकात जुन्या आणि नव्या कॅलेंडरात बारा दिवसांचे अंतर होते. १९०० हे वर्ष ज्युलियन गणनेत लीप वर्ष होते, ग्रेगरियन गणनेत नव्हते. त्यामुळे विसाव्या शतकात ते अंतर तेरा दिवसांचे झाले. सव्वीसमध्ये बारा मिळवले आणि पंचविसात तेरा मिळवले की उत्तर एकच येते. म्हणजे हा योग आकाशातून आलेला नाही, १९०० सालच्या फेब्रुवारीतल्या एका जास्तीच्या दिवसाने तो घडवला. पुढे सोव्हिएत सरकारने कॅलेंडर बदलले, तेव्हा ३१ जानेवारी १९१८ नंतर थेट १४ फेब्रुवारी उजाडली, आणि ऑक्टोबर क्रांतीचा सोहळा नोव्हेंबरात होऊ लागला.

हा गोंधळ रशियापुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. तो आपल्या कोकणपट्टीवरही होता. १५८२ साली पोपने सुधारलेले कॅलेंडर पोर्तुगिजांनी स्वीकारले, इंग्रजांनी मात्र ते १७५२ पर्यंत नाकारले. म्हणून सतराव्या शतकात गोव्यातला पोर्तुगीज कारकून आणि मुंबईतला इंग्रज वखारवाला एकाच दिवशी पत्र लिहायला बसले तर दोघांच्या कागदावर दहा दिवसांचे अंतर पडे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तारीख आपण ६ जून १६७४ म्हणतो. इंग्रजांच्या मोजणीने ती बरोबर आहे. गोव्याच्या मोजणीने तो दिवस १६ जूनचा. रायगडावर मात्र त्या दिवशी ना सहा होती ना सोळा. तिथे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती, शके १५९६. एकच दिवस तीन वह्यांत तीन प्रकारे लिहिला जातो, आणि आपण त्यांतला एक प्रकार उचलून त्याला ‘ती’ तारीख म्हणतो. सोयीसाठी हे ठीकच आहे. पण अशा तारखेच्या दिवशी जगात दुसरे काय घडले ते शोधून दोन घटनांत गूढ नाते जोडायचे असेल, तर आधी ठरवावे लागेल की सहाशी जोडायचे की सोळाशी.

कॅलेंडर एक असले तरी वह्या एकमत असतातच असे नाही. लिझ माइटनर यांची नोंद व्हिएन्नातल्या ज्यू समाजाच्या जन्मवहीत १७ नोव्हेंबरची आहे. त्या स्वतः आणि त्यांची पुढची सगळी कागदपत्रे ७ नोव्हेंबर सांगतात. एका आकड्याचा फरक, आणि आपल्या यादीतले त्रिकूट मोडून पडते. अणूचे विभाजन होते म्हणजे नेमके काय होते याचा उलगडा करणाऱ्यांत या बाई अग्रभागी होत्या. १९४४ चे नोबेल मात्र त्यांचे सहकारी ओटो हान यांना एकट्याला मिळाले. नोंद कोणाच्या नावे होते हा प्रश्न त्यांच्या बाबतीत जन्मतारखेपाशी थांबत नाही. केशवसुतांच्या मृत्यूची तारीख आणि गाव आपल्याला ठाऊक आहे. जन्म मालगुंडचा आणि १८६६ सालचा, पण नेमका दिवस कोणता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. ७ ऑक्टोबर ही रूढ झालेली तारीख. यात नवल नाही. मृत्यूच्या वेळी ते केशवसुत होते, जन्माच्या वेळी ते एका शिक्षकाच्या घरातले आणखी एक मूल होते. मृत्यू त्याच दिवशी घटना ठरतो. जन्माला घटना व्हायला पुढची तीस-चाळीस वर्षे जावी लागतात, आणि तोवर तो दिवस पाहिलेली माणसे पांगलेली असतात. ‘वंदे मातरम्’ची गोष्ट आणखी वेगळी. त्याची तारीख, ते अक्षय्य नवमीला रचले या परंपरेवर उभी आहे. १८७५ सालची कार्तिक शुद्ध नवमी म्हणजे ७ नोव्हेंबर. तिथीची तारीख झाली, आणि २०२५ साली त्याच तारखेपासून दीडशे वर्षांचा उत्सव सुरू झाला.

याच्या अगदी उलट टोकाला बहादूरशाह जफर आहे. त्याच्या मृत्यूची तारीख पक्की आहे, कारण ती लिहिणारे त्याचे पहारेकरी होते. १८५७ च्या उठावाचे नाममात्र नेतृत्व ज्याच्याकडे गेले त्या म्हाताऱ्या बादशहाला इंग्रजांनी त्याच दिवशी घाईने पुरले, आणि जागा ओळखू येऊ नये म्हणून जमीन सपाट केली. कबरीपाशी लोक जमू नयेत हा हेतू होता. खोदकाम चालू असताना ती कबर सापडली ती १९९१ साली. सरकारी दप्तरात तारीख आहे आणि जमिनीवर खूण नाही. नोंद ठेवणे म्हणजे स्मरण ठेवणे नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी नोंद या यादीत नाही.

आता साताऱ्याकडे येऊ, कारण मला या सगळ्या यादीत सर्वांत मोलाची ओळ तीच वाटते. ती जन्माची नाही, मृत्यूची नाही, लढाईची किंवा शोधाची नाही. एक मुलगा शाळेत गेला, एवढेच तीत आहे. सुभेदार रामजींचा तो मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, ज्याला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात त्याचे नाव घातले गेले. रजिस्टरात क्रमांक १९१४ पुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे लिहिले आहे, आणि शाळेने ते रजिस्टर जपून ठेवले आहे. १९०४ पर्यंत तो त्या शाळेत होता. याच काळाविषयी बाबासाहेबांनी पुढे आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवले आहे: वर्गात बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, तोही इतरांपासून दूर टाकलेला; तहान लागली तर शिपायाने नळ सोडून द्यायचा, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही. ज्या शाळेने त्याला वर्गात वेगळे बसवले, त्याच शाळेच्या रजिस्टरात मात्र त्याचे नाव इतरांच्या रांगेत, त्यांच्याच शाईने, पुढच्या क्रमांकाला लिहिले गेले. कागदाच्या रांगेत अंतर ठेवायची सोय नव्हती. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला तो या एका ओळीच्या आधारावर. योगायोगाने त्याच दिवशी, तारीख आणि वर्ष दोन्ही तेच, आजच्या आंध्रातल्या निडुब्रोलू गावी एन. जी. रंगा जन्मले. ते पुढे शेतकऱ्यांचे नेते झाले आणि बाबासाहेबांबरोबर संविधान सभेत बसले. हा मेळ मला आवडतो, पण त्याचा अर्थ मी लावणार नाही. साताऱ्याच्या ओळीला अर्थ आहे, कारण तिच्यामागे शाळेत नाव घालणारा बाप आहे, लिहून घेणारा मास्तर आहे आणि सव्वाशे वर्षे वही सांभाळणारी शाळा आहे.

पण हेच शाळेचे रजिस्टर महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या चुकीच्या दिनविशेषाचेही उगमस्थान आहे. गावोगावच्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांच्या आधार कार्डावर पाहावे: १ जून, १ जून, १ जून. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचे. आई-वडील मुलाला घेऊन यायचे, जन्मतारीख विचारली की ‘पेरणीच्या वेळचा’ किंवा ‘थोरलीच्या पाठचा’ असे सांगायचे. गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहायचे, वय पुरते आहे असे ठरवायचे आणि रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेली, तिथून नोकरीच्या सेवापुस्तकात, तिथून पेन्शनच्या कागदावर. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे या दिवशी राज्यातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची रांग लागते. एकाच तारखेला जन्मलेल्या इतक्या माणसांत कोणत्या ग्रहाचे साम्य शोधायचे? त्यांच्यात साम्य आहे ते वेगळेच. ती ज्या घरांत जन्मली तिथे कोणाला लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांनी त्या घरांपर्यंत जाण्याची तसदी घेतली नव्हती. गावच्या कोतवालाकडे जन्म-मृत्यूची वही असे, पण वाडी-वस्तीवरचा जन्म तिथपर्यंत पोचेलच याचा भरवसा नसे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा झाला तो १९६९ साली. १ जून ही महाराष्ट्राची खरीखुरी सामाजिक तारीख आहे, ती खोटी असूनही; आणि परिपाठात ती कोणी या अंगाने वाचून दाखवत नाही याचे मला वाईट वाटते.

ज्यांना खोटी तारीखही मिळाली नाही अशी माणसे तर दिनविशेषात शिरूच शकत नाहीत. ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली निघाले. भारतीय स्त्रीने लिहिलेल्या आरंभीच्या स्त्रीवादी लेखनात त्याचे नाव अग्रक्रमाने घेतात. त्या १८५० च्या सुमारास बुलढाण्याला जन्मल्या, यापलीकडे जन्माचा दिवस हाती नाही, मृत्यूचाही नाही. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुक्ता नावाची मुलगी हिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. त्या निबंधाच्या आधीची आणि नंतरची मुक्ता कुठल्याच वहीत नाही. जन्म आणि मृत्यू याच दोन खुंट्यांवर आठवण टांगायची म्हटली की अशी माणसे आपोआप खाली पडतात. साताऱ्याच्या नोंदीचे मोल इथे पुन्हा दिसते. माणूस जन्मला किंवा मेला तोच दिवस विशेष, असे नाही. शाळेत गेला, लिहिले, छापून आले, हाही दिवस विशेष असतो. हे मान्य केले तर ताराबाईंना आणि मुक्तेला दिनविशेषाचे दार उघडते.

यावर पहिला आक्षेप भावनेचा येईल: तारखांची अशी चिकित्सा करत बसले तर थोरांविषयीचा आदर कमी होईल. महाराष्ट्राचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. शिवजन्माची तारीख हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७ साल, ही जुनी समजूत होती. पुढे लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ ही नोंद सापडली. इतर पुराव्यांशी ती ताडून पाहिली गेली, अभ्यासकांनी एकमेकांवर लेख लिहिले, आणि अखेर राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस स्वीकारला. हीही ज्युलियन मोजणी. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तो दिवस १ मार्चला पडतो. आजही कोणी तारखेने जयंती करतात, कोणी तिथीने. या सगळ्या वादाने महाराजांविषयीचा आदर तसूभरही कमी झाला नाही. उलट त्या वादापायी जुन्या शकावल्या, करीने, जन्मपत्रिका धुंडाळल्या गेल्या आणि दप्तरखान्यांत पडलेले कागद वाचले गेले. आदर असल्याशिवाय एवढा खटाटोप कोणी करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तारखांच्या मेळात काहीच अर्थ नसेल, तर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी यांचे काय? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. काही मेळ घडून येतात, काही मुद्दाम घडवले जातात, आणि घडवलेल्या मेळाला अर्थ असतोच, कारण तो कोणीतरी त्यात घातलेला असतो. जपानच्या शरणागतीची दोन वर्षे त्या दिवशी पुरी होत होती म्हणून माउंटबॅटनने १५ ऑगस्ट निवडला. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारले गेले, पण १९३० सालच्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेची आठवण राहावी म्हणून ते अमलात आणण्यासाठी २६ जानेवारीपर्यंत थांबण्यात आले. बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी १९५६ सालची अशोक विजयादशमी धरली. ७ नोव्हेंबरही याला अपवाद नाही: १९४१ साली जर्मन फौजा मॉस्कोजवळ येऊन ठेपल्या असताना लाल चौकात क्रांतिदिनाचे संचलन झाले, आणि तिथून सैनिक आघाडीकडे निघाले. ती तारीख त्या दिवशी एक शस्त्र होती. पुढे २००५ पासून रशियाने त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टीच रद्द केली आणि ४ नोव्हेंबर हा दुसरा दिवस पुढे आणला. तेव्हा मेळ दिसला की तो आपोआप आला की आणला गेला, हे विचारणे हाही ‘कोणी लिहिले’ या प्रश्नाचाच भाग झाला. रामन आणि क्युरी यांचा मेळ कोणी आणला नाही; प्रजासत्ताक दिनाचा आणला. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच अक्षरात छापले की हा फरक पुसला जातो, आणि दिनविशेषाविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे.

राहिला तिसरा आक्षेप, व्यवहाराचा. परिपाठाची दहा-पंधरा मिनिटे. त्यात ज्युलियन कॅलेंडर आणि जेधे शकावली कुठे बसवायची? बसवू नयेच. आठ नोंदी वाचून दाखवण्याऐवजी एकच वाचावी, आणि तिच्यासोबत एक वाक्य जास्तीचे असावे: हे आपल्याला कशावरून कळले. ‘साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरावरून.’ ‘पहारेकऱ्यांच्या कागदांवरून.’ ‘परंपरेवरून, लेखी पुरावा नाही.’ चौथीतल्या मुलालाही हे समजते, कारण त्याचे स्वतःचे नाव त्याच प्रकारच्या रजिस्टरात आहे. पाठ केलेल्या आठ तारखा परीक्षेनंतर विसरल्या जातात. एखादी गोष्ट आपल्याला कशी कळली हे विचारायची सवय लागली, तर ती मोबाइलवर दर तासाला येणाऱ्या आठ खोट्या बातम्यांच्या वेळीही उपयोगी पडते.

आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी वेळ मोजायची आपली रीत सोडली नव्हती, हेही विसरू नये. थोरली झाली ती पानशेत फुटले त्या पावसाळ्यात. मधला कोयनेच्या भूकंपाच्या वेळी पाळण्यात होता. धाकटा बाहत्तरच्या दुष्काळातला, आई खडी फोडायला जायची तेव्हाचा. या रीतीत जन्म आणि घटना शेजारी येतात ते कॅलेंडरात एकाच चौकोनात पडतात म्हणून नव्हे, तर त्या घराने दोन्ही एकदमच सोसलेले असते म्हणून. दिनविशेष १८६२ आणि १९१७ यांना तारखेच्या दोरीने बांधतो. आजी सांगते तो दिनविशेष एका घरातले बाळंतपण आणि एका नदीचा पूर यांना बांधतो, आणि पुराव्याच्या दृष्टीने तो कमी प्रतीचा मुळीच नाही. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी, कोयनेला भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. एवढे माहीत असले की आईच्या आठवणीवरून मुलाच्या जन्माचा महिना, कधीकधी आठवडासुद्धा काढता येतो.

मात्र ही दुसरी वही माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवणारा कायदा झाला आहे. त्यांच्यावर १ जूनची पाळी येणार नाही. त्यांच्या आजी-आजोबांचे काय ते आपल्यालाच करायचे आहे. आपल्या घरात १ जूनची जन्मतारीख असलेले कोणी वडीलधारे असेल, तर त्यांच्यापाशी बसा. जन्म कोणत्या सणाच्या पुढेमागे, पेरणीच्या आधी की सुगीनंतर, गावात त्या साली काय घडले होते, हे विचारा. मिळेल ते कागदावर लिहा, आणि त्याखाली कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी सांगितले, तेही लिहा.